पहिला पेपर जर्नलला पाठवताय? प्लेजरिझम टाळायचं काम नोट्सपासूनच सुरू करा

प्लेजरिझम म्हणजे वाङ्मयचौर्य, दुसऱ्याचं लिखाण किंवा कल्पना श्रेय न देता वापरणं. कॉलेजच्या लायब्ररीत सिमिलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे पेपरातला किती मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळतो ते सांगणारा रिपोर्ट, काढून द्यायचं काम माझ्याकडे आहे. पीएचडी करणारी मुलं-मुली येतात, नुकतेच जॉइन झालेले असिस्टंट प्रोफेसर येतात, आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "मॅडम, किती टक्के आले?" कमी आले की हायसं वाटतं, जास्त आले की लगेच पुढचा प्रश्न, की आता हे कमी कसं करायचं. तोवर खरं तर उशीर झालेला असतो. पेपर लिहून तयार, त्यातलं कुठलं वाक्य आपलं आणि कुठलं कुणाच्या पीडीएफमधून आलेलं हे लिहिणाऱ्यालाच आठवत नाहीये, मग शब्द इकडचे तिकडे करून आकडा खाली आणायची धडपड सुरू होते आणि उचललेलं ते उचललेलंच राहतं. म्हणून पहिला पेपर लिहिणाऱ्यांनी काय काय आणि कुठल्या क्रमाने करायचं ते इथे लिहितेय. विषय कुठलाही असो, सायन्स, कॉमर्स किंवा मराठी साहित्य, काम सारखंच आहे.

आधी नियम नीट समजून घ्या

भारतात यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम लागू आहेत. थिसिससाठी ढोबळमानाने असं आहे: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, १० च्या वर ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० मध्ये असेल तर वर्षभर सुधारित थिसिस देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. छापून आलेल्या पेपरचं वेगळं आहे. तिथे १० च्या वर गेलं की पेपर मागे घ्यायला लावतात, ४० च्या वर गेलं तर सोबत एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षं मार्गदर्शनासाठी नवीन विद्यार्थी घेता येत नाहीत, ६० च्या वर गेलं तर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षं. तक्रार आली तर आधी विभागाची समिती बघते, मग संस्थेची.

या नियमांतल्या दोन गोष्टी फार कमी लोक वाचतात. पहिली, मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, योग्य श्रेय देऊन घेतलेले उतारे, कायद्यांची नावं, प्रमाण समीकरणं असं सगळं वगळायचं असतं, आणि सामान्य ज्ञानातले किंवा योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. संशोधनाचा जो गाभा आहे, म्हणजे गोषवारा, गृहीतक, निरीक्षणं, रिझल्ट, निष्कर्ष, शिफारशी, त्यात साम्य असायलाच नको असं नियम म्हणतो. त्यामुळे "दहा टक्के कॉपी चालते" हे जे कॅन्टीनमध्ये ऐकायला मिळतं ते डोक्यातून काढून टाका.

जर्नलचं तर आणखी वेगळं. तुमच्या विद्यापीठाची मर्यादा किती आहे याच्याशी बाहेरच्या जर्नलच्या संपादकाला काही देणंघेणं नसतं. मोठे प्रकाशक क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेच्या सिमिलॅरिटी चेक सेवेतून, म्हणजे आयथेंटिकेट या सॉफ्टवेअरमधून, पेपर आला की लगेच तपासतात, आणि तिथे तुलना होते ती प्रकाशकांनी दिलेल्या पूर्ण मजकुराशी, अगदी पैसे भरून वाचायच्या पेपरांशीसुद्धा. "तो पेपर फुकट मिळत नाही, म्हणजे पकडला जाणार नाही" हा हिशोब म्हणूनच चुकतो.

नोट्स काढायची पद्धत बदला

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा आणि नेमका इथेच कुणी देत नाही. मी जे रिपोर्ट बघते त्यातले बहुतेक लोक चोरी करायला बसलेले नसतात. एक वर्डची फाइल उघडलेली असते, वाचता वाचता आवडलेले परिच्छेद त्यात पेस्ट होत जातात, मध्ये मध्ये आपले विचारही टाइप केलेले असतात, आणि पाच-सहा महिन्यांनी त्याच फाइलमधून पेपर तयार होतो. तेव्हा आपलं-परकं वेगळं करायला काही खूणच उरलेली नसते.

म्हणून पहिल्या दिवसापासून हे करा. झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा, फुकट आहे, आणि प्रत्येक पेपर वाचायच्या आधी त्याची नोंद तिथे टाका. तसंच मेंडली हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तेही चालेल, फक्त मध्येच बदलू नका. मग नोट्समध्ये तीन प्रकार ठेवा आणि ते कधीही मिसळू देऊ नका. जसंच्या तसं घेतलेलं वाक्य असेल तर ते अवतरणचिन्हात, लाल रंगात, पान नंबरसकट. दुसऱ्याचा मुद्दा तुमच्या शब्दांत लिहिला असेल तर निळ्या रंगात, पुढे लेखकाचं नाव आणि वर्ष. आणि जे निव्वळ तुमचं आहे, तुमची शंका, तुमचा विरोध, तुमच्या डेटाशी जोडलेला धागा, ते काळ्यात. पान नंबर तेव्हाच टाका. नंतर शोधू म्हटलं की तीनशे पानांचं पुस्तक पुन्हा उलटत बसावं लागतं, आणि लायब्ररीत परत केलेलं पुस्तक नेमकं तेव्हा दुसऱ्याकडे गेलेलं असतं.

ही फाइल शेवटपर्यंत जपून ठेवा, पेपर छापून आल्यावरही. उद्या कुणी विचारलं की हा मुद्दा तुम्हाला कुठून सुचला, तर दाखवायला हातात काहीतरी असतं.

लिहिताना: आपल्या शब्दांत म्हणजे नेमकं कसं

सगळेजण सांगतात की आपल्या शब्दांत लिहा, पण म्हणजे काय ते कुणी करून दाखवत नाही. समजा मूळ लेखात असं वाक्य आहे (हे मी नमुन्यासाठी बनवलंय):

"मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या हंगामी स्थलांतरामुळे त्यांच्या मुलांच्या शालेय शिक्षणात सातत्य राहत नाही आणि प्राथमिक स्तरानंतर गळतीचे प्रमाण वाढते."

आता माझ्याकडे येणाऱ्या ड्राफ्टमध्ये याचं काय झालेलं असतं बघा:

"मराठवाड्यामधील ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या मोसमी स्थलांतरामुळे त्यांच्या पाल्यांच्या शाळेच्या शिक्षणात अखंडता राहत नाही व प्राथमिक टप्प्यानंतर गळतीचे प्रमाण वाढत जाते."

सॉफ्टवेअर कदाचित हे सोडून देईल. पण वाक्याचा सांगाडा तोच, मुद्द्यांचा क्रम तोच, फक्त कामगारचे मजूर झाले आणि मुलांचे पाल्य झाले, आणि संदर्भही दिलेला नाही. हे वाङ्मयचौर्यच आहे. विषयातला परीक्षक असेल तर त्याने मूळ लेख वाचलेला असतो, त्याला दुसऱ्या ओळीलाच कळतं. इथे शेवटी कंसात लेखकाचं नाव टाकलं तरी पूर्ण सुटका होत नाही, कारण मुद्दा त्याचा हे सांगितलंत पण वाक्यरचनाही त्याचीच आहे हे लपलं.

आता हे बघा:

"ऊसतोड कुटुंबांतली मुलं प्राथमिकनंतर शाळा सोडतात याचा संबंध अमुक यांनी (२०१६) दरवर्षीच्या स्थलांतराशी जोडला आहे. मी पाहिलेल्या गावांत मात्र आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांचीही गळती दिसली, त्यामुळे केवळ स्थलांतराने हे पूर्ण स्पष्ट होत नाही."

इथे दुसऱ्याचा मुद्दा थोडक्यात आला, कुणाचा ते वाक्यातच आलं, आणि लगेच तुमचं काम सुरू झालं. असं लिहायचं असेल तर मूळ लेख वाचा, बंद करा, दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा आणि मग न बघता लिहा. लिहून झाल्यावर मूळ उघडून अर्थ बिघडला नाही ना ते तपासा. न बघता लिहिता येत नसेल तर तो मुद्दा अजून समजलेला नाही, पुन्हा वाचा.

व्याख्या, कायद्यातलं कलम, कवितेची ओळ, मुलाखतीतलं वाक्य, जिथे शब्दच महत्त्वाचे आहेत तिथे बिनधास्त अवतरणचिन्हात द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त अख्खं पान उताऱ्यांनीच भरलं असं व्हायला नको.

आणखी एक, एखादा संदर्भ तुम्हाला दुसऱ्याच्या लेखातून मिळाला असेल आणि मूळ पुस्तक तुम्ही बघितलंच नसेल तर तसं स्पष्ट लिहा, "अमुक, तमुक यांच्या लेखात उद्धृत" असं. दुसऱ्याची संदर्भसूची उचलून आपल्या पेपराला लावायची सवय फार पसरलीये, आणि ती पकडली जाते कारण मूळ लेखातली स्पेलिंगची चूक, चुकलेलं वर्ष, तेही जसंच्या तसं पुढे येतं.

इंग्रजीतून मराठीत आणलेलं लिखाण

हे मराठीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळं सांगायलाच हवं. इंग्रजी लेखातले परिच्छेद मराठीत उतरवायचे, संदर्भ द्यायचा नाही आणि रिपोर्टमध्ये दोन टक्के आले म्हणून खूश व्हायचं, हा प्रकार सर्रास चालतो. भाषा बदलली म्हणून मालक बदलत नाही. अनुवाद केला असेल तर "मूळ इंग्रजी, अनुवाद माझा" एवढं लिहायचं, किती सोपं आहे. उलटही तेच, मराठीतल्या अभ्यासकाचं काम इंग्रजी पेपरात त्याचं नाव न घेता वापरायचं. मला हे जास्त लागतं, कारण आयुष्यभर मराठीत काम केलेल्या माणसाचं श्रेय अशाने कायमचं पुसलं जातं आणि त्याला कधी कळतही नाही.

फॉन्टचीही गंमत समजून घ्या. फाइल युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी वाचता येईल अशा प्रमाण पद्धतीत) नसेल, जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर सॉफ्टवेअरला ती अक्षरं मराठी म्हणून दिसतच नाहीत. असा रिपोर्ट शून्य आला तरी त्याला काही अर्थ नाही. आधी फाइल युनिकोडमध्ये बदलून घ्या, जोडाक्षरं तुटली का बघा, मग रिपोर्ट काढा.

पॅराफ्रेज टूल आणि एआय

रिपोर्ट जास्त आला की मित्र हमखास एखादी वेबसाइट सुचवतात, इकडून मजकूर टाका, तिकडून बदलून घ्या. कृपा करून करू नका. २०२१ मध्ये फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा टूलमधून निघालेल्या विचित्र शब्दप्रयोगांचा माग काढला. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं झालं होतं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' आणि ब्रेस्ट कॅन्सरचं 'बूझम पेरिल'. असे शब्द शोधूनच आता जुने पेपर बाहेर काढले जातात आणि त्यातले बरेच मागे घेतले गेलेत. म्हणजे त्या दिवशी सॉफ्टवेअरला चुकवलं तरी काही वर्षांनी सापडतं, तेव्हा तुम्ही नोकरीत असता. काहीजण पांढऱ्या रंगात अक्षरं लपवतात, इंग्रजी अक्षराच्या जागी तसंच दिसणारं रशियन अक्षर टाकतात. हे रिपोर्टमध्ये झेंडा लावून दाखवलं जातं, आणि मग "चुकून झालं" म्हणायची सोय उरत नाही.

एआय चॅटबॉटचं थोडं वेगळं आहे. भाषा सुधारायला वापरलात तर बहुतेक जर्नल चालवून घेतात, पण काय वापरलं आणि कशासाठी ते लिहावं लागतं. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही हे प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या कोप या संस्थेने स्पष्ट केलंय, कारण जबाबदारी घेणारा माणूस लागतो. मोठा धोका संदर्भांचा आहे. चॅटबॉट अस्तित्वात नसलेले पेपर अगदी खऱ्यासारखे बनवून देतो, लेखक खरा, जर्नल खरं, पेपर मात्र नाहीच. म्हणून सूचीतला प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) उघडून बघा, प्रत्येक म्हणजे प्रत्येक. आणि पूर्ण लिटरेचर रिव्ह्यू त्याच्याकडून लिहून घेतलात तर कुणाचा मुद्दा कुठून आला हे तुम्हालाच सांगता येणार नाही, म्हणजे परत नोट्सचाच घोटाळा.

स्वतःचंच जुनं लिखाण

"माझंच आहे, मग काय झालं?" हे मी नेहमी ऐकते. यूजीसीने एप्रिल २०२० मध्ये यावर स्वतंत्र नोटीस काढली होती. आधी छापलेलं स्वतःचं काम पुरेसा संदर्भ न देता पुन्हा नवीन म्हणून दाखवून फायदा घेणं मान्य नाही असं त्यात स्वच्छ लिहिलंय. एकाच अभ्यासाचे तुकडे करून तीन-चार पेपर नवीन म्हणून छापणं, तोच डेटा संदर्भ न देता परत वापरणं, हेही त्यात येतं.

मेथडचा भाग पुन्हा लागतोच, तिथे "पद्धतीचे तपशील आमच्या आधीच्या पेपरात दिले आहेत" असं लिहून संदर्भ द्या आणि थोडक्यात उरका. पेपर थिसिसमधून काढला असेल आणि थिसिस शोधगंगेवर, म्हणजे भारतातले थिसिस ऑनलाइन ठेवायच्या साइटवर, चढला असेल तर रिपोर्टमध्ये तो दिसणारच, घाबरू नका, बरीच जर्नल्स ते चालवून घेतात. पण आधी त्या जर्नलचं धोरण वाचा आणि कव्हर लेटरमध्ये एक ओळ लिहा. कॉन्फरन्सच्या प्रोसिडिंगमध्ये आलेलं असेल, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये यायच्या आधीच ऑनलाइन ठेवलेला पेपर) टाकलेला असेल, तेही त्याच पत्रात. एकच पेपर एकाच वेळी दोन जर्नलना पाठवायचा नाही, हे तर पक्कंच.

आकृत्या, नकाशे, प्रश्नावल्या

खाली "सोर्स: अमुक" लिहिलं म्हणजे काम झालं असं वाटतं, पण श्रेय देणं आणि परवानगी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकृती सीसी बाय या खुल्या लायसन्सची असेल तर योग्य श्रेय देऊन वापरता येते. नाहीतर प्रकाशकाची लेखी परवानगी लागते, बहुतेकांच्या साइटवर पेपरापाशीच तशी लिंक असते. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्रवाल्यांनी प्रश्नावलीबाबत खास जपा, कुणाची स्केल (मापनाची प्रश्नावली) मराठीत करून वापरायची असेल तर मूळ लेखकाला आधी मेल करा. दुसऱ्याच्या तक्त्यात आपला एक कॉलम वाढवला तरी "वर आधारित" लिहायचं.

आता रिपोर्ट काढा

विद्यापीठाच्या लायब्ररीतूनच काढा. इन्फ्लिबनेट या विद्यापीठांच्या लायब्ररींसाठीच्या यूजीसीच्या केंद्राच्या शोधशुद्धी योजनेतून २०१९ पासून विद्यापीठांना सॉफ्टवेअर मिळतं, आधी उरकुंड होतं, नंतर ड्रिलबिट आलं, काही ठिकाणी टर्निटिन असतं. गुगलवर मिळणाऱ्या फुकट चेकरमध्ये न छापलेला पेपर टाकू नका, तुमची फाइल पुढे कुठे जाते ते कळत नाही. आणि टर्निटिनवर टाकताना "रिपॉझिटरीत (त्यांच्या कायमच्या साठ्यात) साठवू नका" हा पर्याय निवडलाय ना ते लायब्ररीवाल्यांना आवर्जून विचारा. पहिला ड्राफ्ट साठवला गेला की दुसऱ्या वेळी तुमचाच पेपर तुमच्याशी जवळपास शंभर टक्के जुळतो आणि मग ते निस्तरत बसावं लागतं.

रिपोर्ट आला की एकूण आकडा बाजूला ठेवा आणि स्रोतांची यादी उघडा. मी असं बघते: १८ टक्के आहेत पण तीसेक ठिकाणांहून अर्धा-अर्धा टक्का, "सदर संशोधनाचा उद्देश" छापाचे तुकडे, संस्थांची नावं, तर फारशी काळजी नाही. उलट एकूण ९ टक्केच आहेत, पण त्यातले सात एकाच पेपरातून आणि तेही चर्चेच्या भागात, तर हा पेपर मी परत पाठवते. प्रत्येक रंगीत पट्ट्यावर एकच प्रश्न विचारा, हे वाक्य कुणाचं आहे आणि ते मी सांगितलंय का? सांगितलं नसेल तर मूळ स्रोताकडे जा, पुन्हा वाचा, नव्याने लिहा, संदर्भ द्या. पट्ट्यावरच शब्द बदलत बसू नका. सॉफ्टवेअर फक्त जुळणारे शब्द दाखवतं, चोरलेली कल्पना त्याला दिसत नाही, ते बघायचं काम तुमचं आणि तुमच्या गाईडचं.

पाठवण्याआधी सहलेखक आणि जर्नल

पेपरावर जितकी नावं आहेत त्या सगळ्यांनी पूर्ण पेपर वाचायलाच हवा. २०११ मध्ये सी. एन. आर. राव यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाचं नाव असलेल्या एका पेपरात दुसऱ्या पेपरातली काही वाक्यं जशीच्या तशी आल्याचं निघालं आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड मटेरियल्स' जर्नलमध्ये लेखकांची माफी छापली गेली. ती वाक्यं विद्यार्थ्याने लिहिलेल्या प्रास्ताविक भागातली होती. माफी मात्र पेपरावर नाव असलेल्या मोठ्या माणसांनाही मागावी लागली. सरांनी सही केली म्हणजे सरांनी वाचलं, असं धरून चालू नका, समोर बसून वाचून घ्या. आणि ज्याने काम केलं नाही त्याचं नाव टाकू नका.

जर्नल निवडताना पूर्वी यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादी बघायची सोय होती, पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून तिचं काम चालायचं. २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली, त्यामुळे आता पारख आपल्यालाच करायचीये. प्लेजरिझमचं धोरण साइटवर लिहिलेलं आहे का, कोपचं सदस्यत्व सांगत असतील तर ते कोपच्या साइटवर खरंच दिसतं का, चूक निघाली तर दुरुस्ती छापतात का, एवढं तरी बघा. "फीमध्येच प्लेजरिझम काढून देऊ" असं व्हॉट्सअ‍ॅपवर सांगणाऱ्यांपासून लांबच राहा.

छापून आल्यावर चूक दिसली तर

वाट बघत बसू नका. त्याच दिवशी सहलेखकांना आणि गाईडना सांगा आणि संपादकाला मेल लिहा: पेपरचं शीर्षक, डीओआय, कुठल्या पानावरचा कुठला परिच्छेद, तो मूळ कुठला, तुमच्या मते काय दुरुस्त करायला हवं. लांबलचक कारणं देऊ नका. एखादा संदर्भ राहिला असेल तर बहुधा दुरुस्तीची सूचना छापून भागतं, मोठा भाग उचललेला असेल तर पेपर मागे घेतला जातो आणि त्यावर 'रिट्रॅक्टेड' असा शिक्का कायम दिसतो. लेखकाने स्वतः कळवलं की तिसऱ्या माणसाच्या तक्रारीवरून निघालं, हेही बऱ्याचदा त्या सूचनेत लिहिलं जातं. मेलची एक प्रत, मूळ पीडीएफ आणि त्या वेळच्या नोट्स एका फोल्डरमध्ये ठेवा, संपादक किंवा विद्यापीठाच्या समितीने पुढे काही विचारलं तर त्यातूनच उत्तर द्यायचं.